कानापुढच्या भोकातून पू येतोय, ऑपरेशन लगेच करायचं का?

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. उजव्या कानापुढे, वरच्या बाजूला, जन्मापासून टाचणीने टोचल्यासारखं भोक आहे. मिस्टरांनाही आहे, पण त्यांना कधी त्रास नाही. हिचं मात्र वर्षभरात दोनदा पिकलं, आता परत लाल होऊन सुजलंय. सासूबाई म्हणतात हळद-चुना लावा. एक डॉक्टर चीर देऊन पू काढू म्हणतात, दुसरे म्हणतात मुळापासून काढा. ऐकायचं कोणाचं?

उत्तर : ताई, चुना अजिबात नको, कातडी भाजेल, आणि घरी दाबून पू काढू नका. डॉक्टर दोघंही बरोबर आहेत, फक्त क्रम महत्त्वाचा.

पोटातल्या बाळाचा बाहेरचा कान साधारण सहाव्या आठवड्यापासून सहा छोट्या उंचवट्यांतून तयार होतो, ते नीट जुळले नाहीत की कातडीची बारीक नळी आत राहते असं मानतात, आणि हे घराण्यातही चालतं. त्या नळीत मेलेली कातडी साचते, जंतू शिरले की पिकतं.

आत्ता अँटिबायोटिक, कोर्स पूर्ण करायचा, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही. पू साठलाच असेल तर आधी सुईने ओढून बघतात, नाहीच जमलं तर छोटी चीर, आणि पू कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायला, पाठवायला सांगा. पण हा तात्पुरता इलाज, नळी आतच राहते. ताप आला, लाली गालाकडे किंवा डोळ्याकडे पसरली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सूज पूर्ण उतरल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनी, भूल देऊन ऑपरेशन. सुजलेल्या जागी नळी ओळखू येत नाही म्हणून थांबायचं. नळीला आत फाटे असतात, एखादा राहिला की परत पिकतं, त्यामुळे भोकाभोवतीच्या कातडीसकट सगळी नळी आणि तिला चिकटलेला कूर्चेचा (कानातल्या लवचिक हाडाचा) तुकडाही काढतात. भोकातून निळा रंग आत घालून नळी शोधतात, नुसत्या त्यावर भिस्त नको, बुजलेल्या फाट्यात रंग जातच नाही. कानाच्या वरपर्यंत चीर घेऊन केलेल्या पद्धतीत पुन्हा होण्याचं प्रमाण कमी दिसतं, सर्जनना हे बिनधास्त विचारा.

ऐकू येण्याची तपासणी एकदा करून घ्या. घरात कोणाला बहिरेपण असेल किंवा मुलीच्या मानेवरही असं भोक असेल तर किडनीची सोनोग्राफीसुद्धा, कारण अशा वेळी कधीकधी किडनीतही जन्मजात दोष असतो. भोक कानाखाली, जबड्याजवळ असतं तर गोष्ट वेगळी, तिथे चेहऱ्याची नस जवळ असते, तुमचं तसं वाटत नाही.

मिस्टरांच्या भोकाला काही करायचं नाही, फक्त टोकरू नका म्हणावं.