बिलावरची सही आणि आठवे स्तोत्र

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात नोकरी करते. दिवाळीत पुरवठादारांकडून येणारी मिठाई आणि चांदीची नाणी मी परत पाठवते, म्हणून सहकारी मला थट्टेने ‘सिस्टर’ म्हणतात. मात्र रविवारच्या भक्तीत आकाश आणि तारे यांच्याविषयीचे बायबलमधले आठवे स्तोत्र म्हणताना मनात काहीच हलत नाही. सचोटीने वागणे पुरेसे आहे, की माझ्या विश्वासात काही उणे आहे?
– एक वाचक भगिनी, वानवडी

उत्तर : तुमच्या पत्रातील एक वाक्य मी वरच्या प्रश्नात घेतलेले नाही, कारण तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे. भोसरीचा एक लेथवाला, म्हणजे यंत्रावर धातूचे भाग कातून देणारा कारागीर, तीन महिने थकलेल्या बिलासाठी दर सोमवारी गेटजवळच्या बाकावर येऊन बसतो आणि त्याची नजर चुकवण्यासाठी तुम्ही कॅन्टीनला मागच्या दाराने जाता, असे ते वाक्य आहे. तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टींचे उत्तर मला त्या बाकावर बसलेले दिसते.

मिठाई परत करणे चांगलेच आहे. पण त्यात तुमचे काही जात नाही, आणि खरे सांगायचे तर थोडा मानही मिळतो. लेवीयच्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय एकदा सलग वाचून पाहा. ‘मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा’ या आज्ञेने तो सुरू होतो. पुढे यज्ञाचे दोन शब्द येतात न येतात तोच शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखा, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, वजने-मापे खरी ठेवा, अशा सगळ्या अंगणातल्या आणि बाजारातल्या गोष्टी येतात. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची जी आज्ञा प्रभू येशूने उचलून धरली, तीही याच यादीत, मजुरीच्या आज्ञेनंतर पाचच वचनांवर आहे. आपल्या देशाच्या 2006च्या कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करणे बंधनकारक केले आहे. लेवीयने मजुराच्या बाबतीत एक रात्रही दिलेली नाही. पैसे सोडण्याचा अधिकार तुमचा नाही, हिशेब विभागाचा आहे, हे मला मान्य आहे. पण माल स्वीकारल्याचा कागद तुमच्या टेबलावर किती दिवस पडून होता, हे तुम्हालाच ठाऊक.

हे मी उंचावरून सांगत नाही. मागे एका शिबिरात ‘ख्रिस्ती आचरण’ या विषयावर तीन दिवस बोलून मी घरी परतलो, तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आठ दिवस उशिरा झाला होता. त्यांनी नोटा मोजल्या, त्यातल्या दोन लगेच वेगळ्या काढून ओच्यात खोचल्या आणि म्हणाल्या, “ह्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या, उसन्या घेतल्या होत्या.” बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

आता स्तोत्राकडे येऊ. आकाश ही देवाच्या बोटांची कृती आहे, असे ते स्तोत्र म्हणते. हाताची किंवा बाहूची नव्हे, बोटांची. म्हणजे जिथे बळापेक्षा नजाकत लागते तसले काम. तुमच्या त्या लेथवाल्याची बोटे तुम्ही कधी पाहिली आहेत का? अशा कारागिरांची बोटे मी पाहिली आहेत. रेघांत तेल इतके मुरलेले असते की साबणाने जात नाही. तरी तयार भागाच्या कडेवरून नख फिरवताच कुठे धातूची बारीकशी खरखरीत कड, म्हणजे बर, राहिली आहे, ते त्यांना डोळ्यांआधी कळते. दाविदाने रात्रीच्या आकाशाकडे पाहून ‘मनुष्य तो काय की तू त्याची आठवण ठेवावीस’ असे विचारले, तो मनुष्य म्हणजे हाच. सोमवारी ज्याला चुकवायचे, त्याच्याविषयी रविवारी आश्चर्य कसे वाटणार? ते वाटत नाही, यात मला विश्वासाचा अभाव दिसत नाही. उलट मन अजून प्रामाणिक आहे, असे दिसते.

ईयोबाच्या एकतिसाव्या अध्यायात हीच गाठ सरळ बांधलेली आहे. माझ्या दासाने माझ्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडले आणि मी ते तुच्छ लेखले, तर देवाला काय उत्तर देऊ, असे विचारून तो म्हणतो की ज्याने मला गर्भात घडवले त्यानेच त्यालाही घडवले ना? आणि यशयाला मंदिरात सिंहासनावर बसलेल्या प्रभूचे दर्शन झाले, तेव्हा त्याला सर्वांत आधी आपल्या ओठांची अशुद्धता जाणवली. आपल्याकडे मात्र आश्चर्य म्हटले की लोक महाबळेश्वरचा सूर्यास्त काढून दाखवतात. पुण्याहून केडगावला जाऊन पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन पाहिले की दुसरा एक नमुना दिसतो. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्यांनी तिथे आसरा दिला, हाताला काम शिकवले, आणि त्याच आवारात बसून हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. रमाबाईंची देवभक्ती यांपैकी नेमकी कोणत्या कामात होती, हे मला तरी वेगळे काढता येत नाही.

रानातली फुले कशी वाढतात ते पाहा, असे प्रभूने सांगितले; तिथले मूळ ग्रीक क्रियापद नुसत्या पाहण्याचे नाही, निरखून शिकण्याचे आहे. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशाकडे कान लावून आहेत. विज्ञान दिनाच्या सुमारास जमले तर मुलांना घेऊन जरूर जा. पण त्याआधी येत्या सोमवारी पुढच्या दाराने जेवायला जा, त्या बाकावर दोन मिनिटे बसा, आणि बिल कुठे अडले आहे व कोणत्या तारखेला सुटेल, ते खरे काय ते सांगा. तारीख माहीत नसेल तर तेही सांगा.

प्रश्न : माझ्या रिक्षाच्या मागच्या काचेवर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असे लिहिले आहे. मंडळीतील एक बंधू म्हणतात, हा देखावा आहे, पुसून टाका. काय करावे?
– एक रिक्षाचालक, खडकी

उत्तर : तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या, असे मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे आणि लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, असे सहाव्यात. प्रभूने दोन्ही एकाच डोंगरावर सांगितले, त्यामुळे तुमचे बंधू अगदीच चुकीचे नाहीत. मी मात्र वचन पुसणार नाही. काचेवरचे वचन मागून येणारा वाचतो, आत बसलेल्याला समोर मीटर दिसतो. रात्री अकराला स्टेशनवरून सामानासह एकटी बाई कोंढव्याला निघाली असताना तो मीटर पडतो की नाही आणि उरलेले सुटे पैसे तिच्या हातावर येतात की नाही, एवढे तुम्ही सांभाळा. काचेवरची अक्षरे उन्हाने फिकी पडली असतील, तर रंगवून घ्यायलाही हरकत नाही.