दूध कमी केलं, पेपर बंद केला, तरी कार्डाचं बिल वाढतंच आहे

"मॅडम, कमी करण्यासारखं सगळं कमी केलं. दूध अर्ध्या लिटरवर आणलं, पेपर बंद केला, भांड्यांच्या मावशींना नाही सांगितलं. तरी कार्डाचं बिल दर महिन्याला थोडं वाढूनच येतं. आता आणखी काय बंद करू?"

क्रेडिट कार्डाच्या कर्जात अडकलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. हे शब्द मात्र वारज्याच्या एका बाईंचे. आपण त्यांना ताई म्हणू. ओळख पटू नये एवढे बदल करून त्यांची हकिगत सांगते.

ताईंचे मिस्टर हिंजवडीत नोकरीला, ताई सकाळी बालवाडीत शिकवतात. दोघांचे मिळून हातात ८२,००० येतात, त्यातला फ्लॅटचा हप्ता २७,०००. घरात सहावीतला मुलगा आणि सासूबाई. दोन कार्डांवर मिळून २,१०,००० थकलेले. कुणाचं मोठं आजारपण नाही, कुणाला व्यसन नाही. एका जूनमध्ये शाळेची फी आणि मुलाचा टॅब एकदम आला, मग दिवाळी, मग गाडीचा विमा. प्रत्येक वेळी "पुढच्या महिन्यात भरून टाकू" म्हणत मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरावीच लागणारी रक्कम, तेवढीच भरत राहिले. बहुतेक घरांत कर्ज असंच साठतं. त्यामागे सांगण्यासारखी गोष्टही नसते, म्हणून सांगायची लाज जास्त वाटते.

ताईंनी हिशेबाची वही आणली होती. शंभर पानी, लाल पेनने रकाने आखलेले, कोथिंबिरीचे १० रुपयेसुद्धा टिपलेले. मी ती वही आणि कार्डाचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवलं. स्टेटमेंटवर 'फायनान्स चार्जेस' अशी एक ओळ होती, ती वहीत कुठेच नव्हती. म्हटलं, ही वहीत उतरवून घ्या. त्यांनी दोन्ही कार्डांचं मिळून व्याज ७,३५० लिहिलं, खाली त्यावरचा १८ टक्के जीएसटी १,३२३. बेरीज ८,६७३. मग स्वतःच तिला तीसने भागलं. रोजचे २८९.

"दुधाचे आम्ही रोज ३० वाचवतो," त्या म्हणाल्या, आणि मिस्टरांकडे बघून पेन खाली ठेवलं.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हटलं की कुणाला काही वाटत नाही. वर्षाचे ते ४२ टक्के होतात. मिनिमम ड्यू साधारण थकबाकीच्या ५ टक्के असतो, म्हणजे यांचा १०,५००. त्यातले ८,६७३ व्याज आणि करात गेले की मुद्दलातून वळते होतात जेमतेम १,८२७. आणि त्याच महिन्यात त्याच कार्डांवर नवी खरेदी होत होती सरासरी ९,००० ची. बिल वाढणार नाही तर काय होईल? त्यात आणखी एक मेख आहे. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीला ती पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत मिळत नाही. आज कार्डावर किराणा भरला तर व्याज आजपासूनच. हे मिस्टरांना माहीत नव्हतं, आणि ते हिशेबात ताईंपेक्षा पक्के आहेत.

तेव्हा पहिली गोष्ट, दोन्ही कार्डं वापरातून बाहेर. फक्त पाकिटातून काढून भागत नाही. जेवण मागवायच्या, किराणा मागवायच्या, टॅक्सीच्या प्रत्येक ॲपमध्ये कार्ड साठवलेलं असतं, ते तिथून काढावं लागतं. मिस्टरांनी ते माझ्यासमोर बसून काढलं. तेव्हा तीन वर्गण्या दर महिन्याला आपोआप कापल्या जात असल्याचं निघालं. त्यातली एक जिमची होती, आणि त्या जिमचा रस्ताही ते विसरले होते. तिन्ही मिळून १,५००.

मग मी मावशींना परत बोलवायला सांगितलं. यावर मिस्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खर्च कमी करायला आलोय की वाढवायला? पण स्टेटमेंटवर संध्याकाळी आठ ते नऊच्या दरम्यानच्या ओळी बघा: ३४०, ४१५, २८०, पुन्हा ३६०. मावशींचे १,५०० वाचवल्यापासून बाहेरून मागवलेल्या जेवणाचा आकडा महिन्याला ६,१०० वर गेला होता. कारण साधं आहे. सकाळची बालवाडी, दुपारी मुलाचा अभ्यास, सासूबाईंचे गुडघे दुखतात. संध्याकाळी सिंक भरलेलं बघितलं की कुणालाही कुकर लावायचं जिवावर येतं. मावशी परत आल्या, आणि ज्या दिवशी खरंच होत नाही त्या दिवशी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणायच्या, आमटी-भात घरी, एवढं ठरलं. ६,१०० चे १,४०० झाले. मावशींचा पगार वजा जाता ३,२०० वाचले. दूधही पुन्हा एक लिटर करायला सांगितलं. वाढत्या वयाच्या मुलाच्या पेल्यात हात घालून कर्ज फिटत नाही, आणि घरात चिडचिड वाढली की कुणीतरी त्याच रात्री बिर्याणी मागवतं. "चहा सोडा, पेपर सोडा" छापाचे सल्ले मला म्हणूनच आवडत नाहीत. ते ज्याच्या गळ्यात पडतात ती घरातली बाई असते, आणि त्यातून निघतात शेकडे, हजार नाहीत.

पेट्रोलचा मार्ग मिस्टरांनीच काढला. त्यांच्याच रस्त्यावरचा एक सहकारी होता, दोघं एक आड एक आठवडा आपापली गाडी काढू लागले. २,८०० वाचले.

आरडीवर मात्र बराच वेळ गेला. दर महिना ३,००० ची आरडी चालू होती आणि ताईंच्या मते ती त्यांची एकुलती एक शहाणपणाची गोष्ट होती. आरडीवर मिळणार सात टक्क्यांच्या आसपास, कार्डावर जाणार बेचाळीस. हे कागदावर मांडून दाखवलं तरी बचत थांबवायला मन धजत नाही, आणि मला ते समजतं. आमच्या पिढीला बचत ही देवपूजेसारखी शिकवलेली आहे. शेवटी आरडी मोडली नाही. जेवढी साठली होती ती अडीअडचणीला म्हणून तशीच ठेवली आणि पुढचे हप्ते बंद केले. हिशेबाने बघितलं तर मोडणंच बरं होतं. पण हाताशी काहीच नसलं की पहिल्या तापाला माणूस पुन्हा कार्ड काढतो.

आरडी, पेट्रोल, जेवण, वर्गण्या मिळून महिन्याचे १०,५०० निघाले. त्यातले ९,००० कार्डावर होणाऱ्या खरेदीची जागा घेणार, उरलेले १,५०० आधीच भरत असलेल्या १०,५०० त मिळवायचे. म्हणजे कर्जासाठी महिन्याला १२,०००. ताईंना वाटलं, सुटलो. पण ४२ टक्क्यांवर १२,००० भरत राहिलं तर त्यातले पहिल्या महिन्यात ८,६७३ व्याज-करातच जाणार होते. दर खाली आणल्याशिवाय काटकसरीला बरकत नव्हती.

घरात सोनं होतं. सासूबाईंच्या पाटल्या आणि ताईंचा राणीहार. राष्ट्रीयीकृत बँकेचं सोनेतारण कर्ज तेव्हा साडेनऊ टक्क्यांनी मिळत होतं. तेच २,१०,००० कार्डावरून उचलून तिथे नेले तर पहिल्या महिन्याचं व्याज १,६६० च्या घरात येत होतं आणि १२,००० च्या गतीने १९ महिन्यांत सगळं फिटत होतं. सबंध काळाचं व्याज साधारण १७,०००; कार्डावर तेवढं दोन महिन्यांतच भरावं लागत होतं. आकड्यांवर वाद नव्हता. वाद होता तो सोनं गहाण टाकायचं यावर. ताईंच्या मते घराण्याची अब्रू, मिस्टरांच्या मते आईला कळलं तर तिला काय वाटेल. कार्डांचं सासूबाईंना दोघांनीही सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, त्यांच्या पाटल्या आहेत, त्यांना विचारायला तर हवंच.

पुढच्या वेळी सासूबाई स्वतः आल्या. मूळच्या पुरंदरच्या. सगळं ऐकून घेतलं, मुलाकडे बघितलंही नाही, मला म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आमच्या मामंजींनी माझ्या अंगावरचं मोडून बैलं जगवली. हे मोडत नाहीयेत, ठेवतायत नुसतं. त्यात एवढं तोंड लपवायचं काय?" मग मुलाला: "पावती माझ्या कपाटात राहील." ती अजून तिथेच आहे.

सोनेतारण करताना दोन गोष्टी बघा. दर बँकेनुसार बराच बदलतो, खासगी कंपन्यांकडे तो कधी कधी वीस टक्क्यांच्याही वर असतो. आणि हप्ते थकले तर दागिन्यांचा लिलाव होतो, त्यामुळे उत्पन्न डळमळीत असेल तर हा मार्ग धरू नये. सोनं नसेल तर ऑफिसच्या कर्मचारी पतसंस्थेत विचारा, तेही नसेल तर वैयक्तिक कर्ज, नाहीतर कार्डाच्या बँकेलाच थकबाकीचे हप्ते पाडून द्यायला सांगा. दर आणि प्रक्रिया शुल्क कागदावर मागून घ्या. व्याजाला कायद्याने कधीतरी लगाम बसेल या आशेवर मात्र थांबू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरचं ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. ज्यांचे हप्ते थकून वसुलीचे फोन सुरू झालेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. "अर्धे भरा, मिटवून टाकू" असं कुणी म्हटलं तर हो म्हणण्याआधी हेही माहीत असू द्या की सिबिलच्या, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत ते खातं 'सेटल्ड' म्हणून राहतं आणि पुढे कर्ज मागताना आडवं येतं.

कार्डं शून्यावर आली तो दिवस सगळ्यात धोक्याचा. मर्यादा पूर्ण मोकळी, आणि वर सोन्याचं कर्ज. म्हणून एक कार्ड त्याच आठवड्यात बंद करायला लावलं. बाकी नसेल तर अर्ज दिल्यापासून कामाच्या सात दिवसांत बँकेला ते बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. दुसऱ्याची मर्यादा ३०,००० वर आणली आणि ते सासूबाईंच्याच कपाटात गेलं.

गणपतीत घडी विस्कटली. घरचा पाच दिवसांचा गणपती, गावाकडची माणसं, त्या महिन्यात सोन्याच्या कर्जात ५,००० च भरले गेले. ताई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या होत्या. पण कार्ड बाहेर निघालं नव्हतं, आणि दिवाळीच्या बोनसमधून राहिलेले ७,००० भरले गेले. या घराचं कर्ज आता निम्म्याच्या खाली आलंय. मागच्या भेटीत मिस्टरांनी विचारलं, विमानतळावर फुकट जेवण मिळणारं एक नवीन कार्ड आलंय, घेऊ का? ताईंनी मला उत्तर द्यायची संधीच दिली नाही. कर्ज फिटल्यावर तेच १२,००० महिन्याला कुठे ठेवायचे यावर मात्र आम्ही बोललो. आधी पुढच्या जूनची फी, मग बंद पडलेली आरडी.