ऐतिहासिक बेसबॉल ड्राफ्टमध्ये माझा नववा नंबर आलाय. कोणाला उचलू?

बारा जणांची लीग, नागमोडी ड्राफ्ट (खेळाडू आळीपाळीनं निवडायचे, दर फेरीला क्रम उलटा), कुठल्याही काळातला खेळाडू त्याच्या एका ठरावीक सीझनसकट घ्यायचा आणि सामने सॉफ्टवेअर खेळवणार, असं तुम्ही लिहिलंय. बेब रूथ तोवर गेलेला असेल ही तुमची भीती खरी आहे. टेड विल्यम्स आणि बॅरी बाँड्स या दिग्गज बॅटरांचीही आशा सोडा. २००४ साली पिचर्सनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) बाँड्सची एवढी धास्ती घेतली होती की त्याला २३२ वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकटात मिळणारा पहिला बेस) मिळाले, त्यातले १२० तर सरळ मुद्दाम दिलेले. तो नवव्या नंबरापर्यंत कोण ठेवतोय?

आधी मी स्वतः काय माती खाल्ली ते सांगतो. पहिल्या लीगमध्ये दुसऱ्याच फेरीत मी १९३० चा चक क्लाइन घेतला. सरासरी .३८६ (हजार प्रयत्नांत ३८६ हिट), ४० होम रन, १७० आर.बी.आय. (त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या धावा). आकडे बघून तोंडाला पाणी सुटलेलं. ग्रुपवर दोघांनी हसण्याचे इमोजी टाकले, ते का हे मला दीड महिन्यानं कळलं. क्लाइन खेळत होता, पण चारचौघांसारखा.

झालं होतं असं, की १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सरासरीच .३०३ होती. म्हणजे जो तो मारत होता. त्यात क्लाइनचं घरचं मैदान फिलाडेल्फियाचं बेकर बोल. उजवीकडची भिंत जेमतेम २८० फुटांवर, आणि हा पठ्ठ्या डावखुरा. इतर ठिकाणी जो चेंडू आरामात झेलला गेला असता, तो तिथे पत्र्यावर जाऊन आदळायचा. आमच्या सॉफ्टवेअरनं तो काळ आणि ती भिंत, दोन्ही वजा केलं. गंमत म्हणजे त्या वर्षी क्लाइनच्या फिलीज संघानं मिळून .३१५ सरासरी काढली आणि तरीही १०२ सामने हरून तळ गाठला, कारण त्यांचे पिचर नऊ इनिंगमागे ६.७१ धावा देत होते. माझा संघही तळालाच गेला. इतिहासाशी एवढं प्रामाणिक राहायची गरज नव्हती.

म्हणून लीग चालवणाऱ्याला आजच विचारा: सॉफ्टवेअर आकडे जसेच्या तसे घेतं, की त्या-त्या वर्षाच्या तुलनेत तोलतं? सगळा ड्राफ्ट या एका उत्तरावर फिरतो. जसेच्या तसे घेत असेल, तर १९६८ चा पिचर बॉब गिब्सन (नऊ इनिंगमागे १.१२ धावा) म्हणजे सोनं. तोलत असेल, तर मी २००० चा पेद्रो मार्टिनेझ आधी घेईन. त्याचा आकडा १.७४, पण त्या वर्षी अमेरिकन लीगची सरासरी होती ४.९१. गिब्सनच्या लीगची फक्त २.९९. १९६८ मध्ये पिचर इतके माजले होते की पुढच्या सीझनला माउंडची (पिचरच्या उंचवट्याची) उंची १५ इंचांवरून १० वर आणावी लागली. एक खोट मात्र ध्यानात ठेवा. पेद्रो २१७ इनिंगचा गडी, गिब्सन ३०४ चा. तुमचं सॉफ्टवेअर पिचरला दमवत असेल, तर पेद्रोसोबत आणखी दोन-तीन बरे हात लागतील.

आता तुमचा नंबर. नववा, मग सोळावा, आणि त्यानंतर थेट तेहतिसावा. मधे सोळा जण निघून जातात. आउटफिल्डर आणि फर्स्ट बेसमन तेव्हाही ढिगानं मिळतील. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि कॅचर (बॅटरमागे बसणारा) यांचं तसं नाही, पहिले दोन-चार गेले की एकदम उतार लागतो. मी नवव्याला १९०८ चा होनस वॅग्नर घेईन. लीग .२३९ वर कुथत असताना या शॉर्टस्टॉपनं .३५४ काढले, वर ५३ बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसवर पळून). होम रन दहाच, ते बघून लोक त्याला मागे ठेवतात. ठेवू देत.

सोळाव्याला पेद्रो उरला असेल तर तो, नाहीतर १९९७ चा माइक पियाझा. कॅचर असून .३६२ आणि ४० होम रन, तेही लॉस एंजेलिसच्या मैदानावर, जिथे बॅटरला फुकट काही मिळत नाही. त्याचा थ्रो कमकुवत, समोरचे बेस चोरतील. चोरू देत.

१९७५ चा जो मॉर्गन तेहतिसाव्यापर्यंत टिकला तर डोळे झाकून घ्या. नुसती सरासरी (.३२७) बघणाऱ्यांना त्याचे १३२ वॉक दिसत नाहीत.

अगदी शेवटच्या फेऱ्यांत एक मार्क बेलँगर बाकावर बसवून ठेवा. कारकिर्दीची सरासरी .२२८, पण गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचं बक्षीस) आठ. आठव्या-नवव्या इनिंगला आघाडी असेल तर त्याला शॉर्टस्टॉपला उतरवा आणि वॅग्नरला विश्रांती द्या.

आणि घरचं मैदान निवडायची मुभा आहे का, तेही विचारून घ्या. उजवीकडची भिंत जवळ असलेलं एखादं मिळालं आणि क्लाइन दहाव्या फेरीपर्यंत पडून राहिला, तर मला कळवा. माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण त्या भावात मीही घेईन.