लसीची की लशीची? आणि 'लसीकरण' नेमकं कशाचं?

प्रश्न असा आहे: 'वर्तमानपत्रांत "लसीचे दोन डोस" छापतात, आमचे मास्तर "लशीचे" म्हणायचे. बरोबर काय? आणि "लशीचे" बरोबर असेल तर "लशीकरण" का म्हणत नाहीत?'

लशीचे. कूस–कुशीत, वेस–वेशीवर, मूस–मुशीत, तशी लस–लशीत. 'स'चा 'श' करण्याचा नियम ससा, घसा अशा पुल्लिंगी शब्दांपुरता आहे आणि लस स्त्रीलिंगी, असं मला एका शुद्धलेखनवाल्यांनी बजावलं होतं. त्यांनी एकदा गोठ्यावर जाऊन 'म्हसीचं दूध' मागून पाहावं. कोरोनाच्या काळात 'लसीचा' इतक्यांदा छापून आलं की ते कानाला सरावलं, एवढाच त्याचा आधार. अनेकवचनही 'लशी'. 'दोन लस घेतल्या' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, उठून जातो.

त्याहून संताप येतो तो आपल्याकडच्या फलकांवरच्या 'टीकाकरण केंद्र'चा. हिंदीत टीका म्हणजे ठिपका, खूण. त्यांच्या भाषेत तो शब्द चोख बसतो. मराठीत टीकाकरणाला केंद्र कशाला हवं? ते घरोघरी चालतं.

आता मूळ शब्द. लस म्हणजे रोगप्रतिबंधक औषध हा अर्थ मागाहून चिकटलेला. आजही खरचटलेल्या गुडघ्यातून 'लस येते', ती खरी लस. संस्कृतात लसीका. चरकाने शारीरस्थानात शरीरातल्या पाण्याचा हिशेब मांडताना त्वचेखालच्या, व्रणातून दिसणाऱ्या पाण्याला हेच नाव दिलं आहे. कानडीत व्हॅक्सीनला लसिके म्हणतात. गुजरातीत रसी, म्हणजे सरळ पू! इंग्रजीत व्हॅक्सीनचं नातं लॅटिनमधल्या गाईशी, 'व्हाका'शी. मग आपल्या शब्दात गाय का नाही? कारण माझ्या मते आपण व्हॅक्सीनचं भाषांतर केलंच नाही. एकोणिसाव्या शतकात टोचणारे लोक हातातल्या द्रव्याला 'लिंफ' म्हणत, आणि आपण लिंफला लस म्हटलं. कोशवाल्यांनी हे मानो न मानो.

चरकाचं नाव काढलं की लगेच कुणीतरी 'म्हणजे लस टोचणं आपल्याकडे पूर्वीपासूनच होतं' म्हणत पुढे येतो आणि गाईच्या आचळावरच्या मसूरिकेचं, म्हणजे देवीसारख्या फोडांचं, पाणी दंडात टोचावं असं सांगणारा धन्वंतरीचा श्लोक काढतो. हा श्लोक आयुर्वेदाच्या कुठल्याही जुन्या ग्रंथात नाही. उलट मद्रासेतल्या एलिस नावाच्या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने लोकांनी बिचकू नये म्हणून लस टोचण्यावर संस्कृत पद्यं रचल्याची नोंद आहे. आपल्याकडे जुनं होतं ते वेगळं: बंगालचे टीकादार देवीच्या रोग्याच्याच फोडातलं द्रव्य निरोगी माणसाला टोचत. होलवेल नावाच्या इंग्रजाने १७६७ मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्यातून बहुतेक लोक तरत, पण काही मरत, आणि टोचलेल्या माणसाकडून शेजाऱ्याला खऱ्या देवी येऊ शकत. इंग्लंडातल्या जेन्नर या डॉक्टरने १४ मे १७९६ रोजी गवळण सारा नेल्म्सच्या हातावरच्या गोदेवीच्या (गाईकडून येणाऱ्या सौम्य देवीच्या) फोडातलं द्रव्य आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचलं. गोदेवीने ही दोन्ही भयं पुष्कळ कमी केली. कर्तबगारी आहे ती तिथे.

राहिलं 'लसीकरण'. व्याकरणवाले म्हणतात, हा च्विप्रत्यय. जे नव्हतं ते करणं. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं, शुद्धीकरण. तेव्हा मुलाचं लसीकरण म्हणजे मुलाची लस करणं, म्हणून शब्द चूक. (गावाचं विद्युतीकरण झाल्यावर गाव कडाडतं का, हे त्यांनी सांगावं.) पण मला त्यांचा अर्थ मान्य आहे. कारण एके काळी मुलांची खरोखरच लस करत.

शीतपेटी नव्हती तेव्हा ते द्रव्य दूरवर टिकवायचं कसं? धाग्यावर वाळवून पाठवत, पण उष्णतेत ते निकामी होई. म्हणून एका मुलाला टोचायचं, आठवड्याभराने फोड टपोरला की त्यातली लस सुरीच्या टोकावर घेऊन दुसऱ्याच्या दंडात. दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. व्हिएन्नाहून निघालेली लस बगदाद, बसरा करत मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलच्या दंडावर ती धरली. हिंदुस्थानात यशस्वीपणे टोचली गेलेली ती पहिली. पुढच्या मुलांना टोचायला लस आली ती तिच्याच फोडातून. १८०३ मध्ये स्पेनच्या राजाने बाल्मिस या डॉक्टरला लस घेऊन अमेरिकेकडे धाडलं तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुलं होती; वाटेत दोघादोघांना टोचत साखळी जिवंत ठेवली. हे लसीकरण, अगदी पाणिनीच्या हिशेबाने!

दंडातून दंडात जाताना दुसरे रोगही जात. इटलीत रिवाल्ता इथे १८६१ मध्ये मुलांना याच वाटेने उपदंश (सिफिलिस) झाला. मग वासराच्या कातडीवर लस वाढवू लागले, आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रेडकांच्या. बेळगावात टिळकवाडीला 'व्हॅक्सिन डेपो' हे नाव अजून आहे. म्हणजे नाव गाईचं, द्रव्य म्हशीच्या रेडकाचं आणि सामान्यरूपही म्हशीसारखं. आणखी काय पुरावा हवा?

खेड्यात मात्र कुणी लस टोचत नसे, 'देवी काढत'. काढणारा तो देवी डॉक्टर. हा प्रयोग मला फार आवडतो, पण त्याचं कामच संपलं. देवीचा विषाणू माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात राहत नाही, म्हणून रोगी शोधून त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचलं की त्याला जायला वाट उरत नसे. भारतातली शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला सापडली, जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा १९७७ मध्ये सोमालियात, आणि १९८० मध्ये देवी गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. त्याच शतकात या रोगाने सुमारे ३० कोटी माणसं नेली होती. आज पंचेचाळिशीच्या आतल्या कुणाच्याही दंडावर देवी काढल्याचा वण दिसत नाही. दिसतो तो बहुधा बीसीजीचा, म्हणजे क्षयावरच्या लशीचा.

जाता जाता: 'बाळांना पोलिओची लस टोचली' असं थेंब पाजतानाच्या फोटोखाली छापू नका. थेंब पाजतात. १९९५ पासून रविवारी रविवारी बूथ लावून ते पाजले म्हणून जानेवारी २०११ नंतर देशात जंगली (निसर्गातल्या विषाणूच्या) पोलिओचा रुग्ण सापडला नाही. २०१५ पासून टोचायची पोलिओ लसही वेळापत्रकात आली आहे, त्यामुळे उपसंपादक त्याआड लपतील, हे मला ठाऊक आहे.