भिंतीवरचं टोपणनाव आणि इंटरनेटवरचं टोपणनाव: कोणत्या डॉक्युमेंटरी पाहाव्यात?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन ओळख आणि स्ट्रीट आर्ट या दोन्ही विषयांना हात घालणाऱ्या डॉक्युमेंटरी आहेत का, आणि असतील तर सुरुवात कुठून करावी. आहेत. दोन्ही विषय एकाच फिल्ममध्ये ठळकपणे येतात अशा थोड्याच आहेत, पण एकेका विषयावरच्या फिल्म पाठोपाठ पाहिल्या की एकीत पडलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसरीत सापडतं. दोन्हीकडे माणूस स्वतःचं नाव स्वतः ठेवतो, आणि अनोळखी लोकांनी ते वाचावं म्हणून जिवाचं रान करतो.

ही गोष्ट इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. जुलै 1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एका मुलाची बातमी छापली. मॅनहॅटनच्या 183व्या रस्त्यावर राहणारा, ग्रीक वंशाचा हा मुलगा पाकिटं पोचवायच्या कामासाठी शहरभर फिरायचा आणि जाईल तिथे मार्करने ‘टाकी 183’ लिहायचा. टाकी हे घरचं लाडाचं नाव, 183 हा रस्त्याचा क्रमांक. त्याच्याही आधी ‘ज्युलिओ 204’ होता. आज आपण ईमेलचं किंवा गेमचं खातं उघडताना नावापुढे आकडा जोडतो, अगदी त्याच पद्धतीचं हे नाव. बातमी छापून आल्यावर अशा नावांचं पेवच फुटलं.

म्हणून पहिली फिल्म सांगेन ती ‘स्टाइल वॉर्स’ (1983). दिग्दर्शक टोनी सिल्व्हर, निर्मितीत सोबत हेन्री चॅलफंट, ज्याने न्यूयॉर्कच्या सबवे गाड्यांवरच्या चित्रांचे फोटो वर्षानुवर्षं काढले होते. आपलं नाव शहराच्या सगळ्या भागांतून गाडीच्या अंगावर फिरलं पाहिजे, एवढंच या पोरांना हवं असतं. स्कीम नावाचा मुलगा आणि त्याची आई यांचा संवाद तर मी कितीही वेळा पाहू शकतो. तो सांगतोय की माझं नाव सगळीकडे पोचलंय, आणि आईला कळत नाही की यातून याला मिळतं काय. तिकडे महापौर एड कॉच दुहेरी कुंपणं आणि त्यांच्या मधे कुत्रे ठेवायच्या गोष्टी करतायत. पण मला सगळ्यात महत्त्वाचं पात्र वाटतं ते ‘कॅप’. इतरांनी रात्र रात्र जागून काढलेल्या चित्रांवर हा मुद्दाम आपलं नाव घाईघाईने फासून जातो, आणि त्याला कसलाही पश्चात्ताप नाही. दुसऱ्याचं काम बिघडवून नाव कमावणारी माणसं आज आपण रोज ऑनलाइन पाहतो. त्यांच्या मनात काय चालतं हे ऐकायचं असेल तर कॅपचं बोलणं लक्ष देऊन ऐका. चिडून उठू नका.

मधली सव्वीस-सत्तावीस वर्षं सोडून थेट जानेवारी 2010 मध्ये येऊ. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्या एकाच वर्षी दोन फिल्म आल्या: ‘कॅटफिश’ आणि ‘एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप’. ही दुसरी बँक्सीची, म्हणजे चेहरा आणि खरं नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणाऱ्या ब्रिटिश कलाकाराची. एक फेसबुकवरच्या बनावट प्रोफाइलची, दुसरी स्ट्रीट आर्टची. दोन्हींवर एकच आरोप झाला, की हे सगळं रचलेलं आहे. दोन्हींमध्ये फिल्म ज्या माणसाची वाटते त्याची ती शेवटी राहत नाही.

‘कॅटफिश’मध्ये न्यूयॉर्कच्या एका तरुण फोटोग्राफरला मिशिगनमधून एका आठ वर्षांच्या मुलीने काढलेलं पेंटिंग येतं, त्याच्याच एका फोटोवरून केलेलं. मग फेसबुकवर त्या मुलीच्या सगळ्या कुटुंबाशी ओळख होते आणि तिच्या थोरल्या बहिणीवर तो जीव लावतो. पुढे कळतं की बहिणीने पाठवलेली गाणी दुसऱ्याच कुणाच्या रेकॉर्डिंग आहेत. कॅमेरा घेऊन ते घर गाठतात तेव्हा समोर एक मध्यमवयीन बाई असते. ती गंभीर अपंगत्व असलेल्या सावत्र मुलांची काळजी घेत असते आणि फेसबुकवरची ही सगळी माणसं एकटी चालवत असते. बहुतेक लोक ही फिल्म फसवणुकीची गोष्ट म्हणून लक्षात ठेवतात. मला मात्र एवढंच आठवतं की पेंटिंग तिची होती. चित्रं काढणारी ही बाई स्वतःच्या नावाने ती पुढे करायला धजली नाही, म्हणून तिने चिमुरड्या मुलीचं नाव लावलं. फसवणूक झाली, एका माणसाचं मन दुखावलं, हे खरंच. तरीही तिच्या दारात कॅमेरा सुरू ठेवून उभं राहणं मला पटत नाही, आणि फिल्म स्वतःला तो प्रश्न पुरेसा विचारत नाही.

‘एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप’ याच्या बरोबर उलट दिशेने जाते. लॉस एंजेलिसमध्ये राहणारा थिएरी गेट्टा हा फ्रेंच माणूस हातातला कॅमेरा कधी बंदच करत नाही. त्याचा नात्यातला भाऊ म्हणजे ‘इन्व्हेडर’, टाइल्सचे छोटे छोटे व्हिडिओगेमसारखे आकार शहरांच्या भिंतींवर चिकटवणारा कलाकार. त्याच्या ओळखीतून थिएरी शेपर्ड फेअरी या नावाजलेल्या स्ट्रीट आर्टिस्टपर्यंत आणि शेवटी बँक्सीपर्यंत पोचतो. त्याला फिल्म करता येत नाही हे पाहून बँक्सी त्याला म्हणतो, तू कला कर, फिल्म मी करतो. थिएरी ‘मिस्टर ब्रेनवॉश’ हे नाव घेतो आणि 2008 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये भलंमोठं प्रदर्शन भरवतो. आधी नाव, मग त्याचा गाजावाजा, त्यानंतर गर्दी. काम सगळ्यात शेवटी येतं, आणि तेही दुसऱ्यांच्या हातून करून घेतलेलं. चेहरा झाकून, आवाज बदलून बसलेला बँक्सी हे सांगत असतो आणि आपण कॅमेऱ्यासमोर उघडपणे बोलणाऱ्या थिएरीपेक्षा त्याच्यावरच जास्त विश्वास ठेवतो. ऑनलाइन ओळखीबद्दल विचार करणाऱ्याने इथे जरूर थांबावं. या फिल्मला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

आता तुम्ही नेमकं जे विचारलंय ते. भिंत आणि फोन दोन्ही एकत्र पाहायचे असतील तर ‘बँक्सी डझ न्यूयॉर्क’ (2014, एचबीओ, दिग्दर्शक ख्रिस मोकार्बेल). ऑक्टोबर 2013 मध्ये बँक्सीने न्यूयॉर्कमध्ये महिनाभर रोज एक काम केलं आणि त्याचे फोटो इंटरनेटवर टाकले. ते पाहिलं की लोक धावत सुटायचे. जागा शोधायची, फोटो काढायचे, तेही लगेच इंटरनेटवर टाकायचे, आणि कुणीतरी त्यावर रंग फासण्याआधी हे सगळं उरकायचं. मोकार्बेलने ही फिल्म बरीचशी या लोकांनीच काढलेल्या व्हिडिओंमधून जोडली आहे. म्हणजे बँक्सी कुठेही दिसत नाही, आणि त्याला पाहू पाहणारे हजारो चेहरे दिसतात.

त्यातले तीन प्रसंग विसरता येत नाहीत. ईस्ट न्यूयॉर्क या गरीब वस्तीत काम उमटल्यावर तिथली काही पोरं ते पुठ्ठ्याने झाकून बसतात आणि फोटोचे पैसे मागतात. एरवी आमच्या वस्तीत तुम्ही पाऊल टाकत नाही, आज का आलात, हा त्यांचा सवाल मला रास्त वाटतो. क्वीन्समधल्या विलेट्स पॉइंटला सिमेंटच्या फोडलेल्या ठोकळ्यांचा स्फिंक्स (माणसाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेली इजिप्शियन मूर्ती) उभा राहतो, तो तिथलीच माणसं उचलून नेतात आणि तो कलाविक्रेत्याकडे पोचतो. आणि तिसरा, सेंट्रल पार्कमधला स्टॉल. एक म्हातारा विक्रेता खऱ्याखुऱ्या बँक्सीचे कॅनव्हास 60 डॉलरला एक असे मांडून बसलाय. दिवसभरात गल्ला जमला 420 डॉलर. दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर जाहीर झालं की ती चित्रं अस्सल होती, आणि त्याच कापडाची किंमत एका रात्रीत हजारो डॉलरच्या घरात गेली. चित्र तेच, फक्त खात्रीलायक खात्यावरून त्याला दुजोरा मिळाला. बँक्सीची सही आता भिंतीवर नाही, त्याच्या अकाउंटवर असते. त्याचं काम आहे की नाही हे लोक तिथे जाऊन पाहतात. सादबीच्या लिलावात 2018 मध्ये फुगा सोडणाऱ्या मुलीचं चित्र विकलं गेल्यागेल्या चौकटीतून अर्धंअधिक कातरून खाली आलं, तेव्हाही ते आपलंच कृत्य असल्याचं त्याने इन्स्टाग्रामवरच सांगितलं होतं.

भिंत आणि फोन एकत्र दाखवणारी दुसरी फिल्म अगदी वेगळ्या स्वभावाची आहे: ‘फेसेस प्लेसेस’ (2017). नव्वदीकडे झुकलेली फिल्म दिग्दर्शिका आन्येस वार्दा आणि भिंतींवर भलेमोठे फोटो चिकटवणारा तिशीतला कलाकार जेआर, दोघं एका गाडीतून फ्रान्सच्या खेड्यांमधून फिरतात, लोकांचे फोटो काढतात, मोठे छापतात आणि त्यांच्याच घरांच्या, गोदामांच्या भिंतींवर चिकटवतात. खाणकामगारांच्या ओसाड पडत चाललेल्या चाळीत शेवटची उरलेली बाई स्वतःचा भिंतभर चेहरा बघते, तो प्रसंग पाहताना माझा गळा दाटून येतो. तुमच्या प्रश्नासाठी मात्र दुसरा प्रसंग महत्त्वाचा. एका गावातल्या कॅफेत काम करणाऱ्या तरुणीचा छत्री धरलेला फोटो भिंतीवर लागतो. येणारे जाणारे त्याच्यासोबत फोटो काढून इंटरनेटवर टाकू लागतात, आणि ती अवघडून जाते. तिने एका फोटोला होकार दिला होता, गावाची ओळख व्हायला नव्हे. दोन दिग्गज कलाकारांनी आपल्याच कामाचा हा त्रास फिल्ममध्ये ठेवला, कापला नाही, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

याच फिल्ममध्ये जेआर काळा चष्मा कधीच काढत नाही आणि वार्दा त्याला त्यावरून सतत छेडते. शेवटी वार्दाचा जुना मित्र, दिग्दर्शक झ्यां-लुक गोदार भेट ठरवूनही दार उघडत नाही, वार्दा रडवेली होते, आणि तिची समजूत घालायला जेआर चष्मा काढतो. आपल्याला त्याचा चेहरा धूसर दिसतो, कारण वार्दाची नजर अधू झालेली आहे आणि कॅमेरा तिच्या नजरेने पाहतोय. चेहरा दाखवला गेला तो एका माणसाला, प्रेक्षकांना नाही.

निव्वळ ऑनलाइन बाजूच्या दोन फिल्म थोडक्यात. ऑन्डी टिमोनरची ‘वुई लिव्ह इन पब्लिक’ (2009) ही इंटरनेट उद्योजक जॉश हॅरिसची कहाणी. त्याने 1999च्या शेवटी न्यूयॉर्कच्या एका तळघरात शंभरेक माणसांना कॅमेऱ्यांखाली राहायला लावलं. पाहायला त्रासदायक आहे, पण सोशल मीडिया येण्याआधीच त्याने त्याचं खरं रूप ओळखलं होतं. दुसरी बेंजामिन रीची ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ (2024). नॉर्वेचा मॅट्स स्टीन स्नायूंच्या दुर्धर आजाराने 2014 मध्ये, 25व्या वर्षी गेला. मुलगा एकटाच जगला या दुःखात असलेल्या आईवडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली, आणि युरोपभरातून लोकांच्या ईमेल येऊ लागल्या. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेममध्ये तो इबेलिन या नावाने त्यांचा मित्र, सल्लागार आणि आधार होता. खोटं नाव म्हणजे खोटा माणूस असं ज्यांना वाटतं त्यांनी ही जरूर पाहावी.

आणि एक फिल्म जी फार कुणी सुचवत नाही, पण मला सगळ्यात प्रिय आहे: जॉन फॉयची ‘रिसरेक्ट डेड’ (2011). फिलाडेल्फियात आणि इतर शहरांत रस्त्याच्या डांबरात रुतलेल्या टाइल्स सापडतात, त्यावर मृतांना गुरू ग्रहावर जिवंत करण्याबद्दलचा एक चमत्कारिक संदेश. या कोड्याने झपाटलेला फिलाडेल्फियाचा कलाकार जस्टिन ड्युअर आणि त्याचे मित्र जुनी वर्तमानपत्रं, शॉर्टवेव्ह रेडिओच्या आठवणी आणि इंटरनेटवरची माहिती जोडत जोडत हे करणाऱ्या माणसापर्यंत जवळजवळ पोचतात. गाडीच्या तळाला भोक ठेवून तो चालत्या रहदारीत टाइल्स टाकत असावा, हा त्यांचा तर्क ऐकताना अंगावर काटा येतो. पण तो माणूस कुणाला भेटू इच्छित नाही हे कळल्यावर ड्युअर त्याला त्याच्या वाटेने जाऊ देतो. ‘कॅटफिश’च्या दारातल्या प्रसंगानंतर हे पाहा, म्हणजे मला तिथे काय खटकतं ते लक्षात येईल.

क्रम विचारलात तर ‘स्टाइल वॉर्स’ने सुरुवात करा, ती तासा-सव्वातासाची आहे. मग ‘बँक्सी डझ न्यूयॉर्क’. ‘कॅटफिश’ आणि ‘रिसरेक्ट डेड’ एकापाठोपाठ. ‘इबेलिन’ मात्र घाईत, कामं करता करता पाहू नका, आणि शक्य असेल तर कुणालातरी सोबत बसवा, कारण संपल्यावर बोलायला माणूस लागतंच.