वाचकांचे प्रश्न : गावाकडचे फोटो

प्रश्न : दादा, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, मोबाईलवरच फोटो काढायलोय. भात लावणीचे फोटो काढले की बायकांची तोंडं काळी पडतात नाहीतर आभाळ पांढरं फटक येतंय. कॅमेरा घ्यावाच लागेल का?

उत्तर : अजिबात घाई करू नको भावा. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ जमिनीपेक्षा कितीतरी उजेडाचं असतं, मग फोन आभाळ सांभाळतो आणि माणूस काळा करतो, एवढंच होतंय बघ. चेहऱ्यावर बोट दाबून धर, फोकस आणि एक्स्पोजर (म्हणजे फोटोतला उजेड) लॉक होतं, मग बोट वरखाली सरकवून उजेड जुळव. आणि फ्रेममधलं आभाळ कमी कर, खाली वाक, चिखलातले हात, रोपांच्या पेंढ्या, पाण्यातलं प्रतिबिंब घे, खरी लावणी तिथंच असते.

कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं किंवा बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्यावर सगळेच जातात, जावंच, पण निपाणीकडं तंबाखू वाळवणारे हात, आठवडी बाजारात मिरच्या मोजणारी आजी, हे कोण टिपणार? आपणच ना. फक्त आधी विचार, "मावशी, काढू का?" आणि नंतर प्रिंट काढून नेऊन दे, माझ्या मते हे लेन्सपेक्षा महत्त्वाचं, पुढच्या वेळी तीच माणसं घरात बोलावतात.

अजून एक, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर क्वालिटी उतरते आणि छापायला गेलं की फुटतो.