बार उडत नसला तरी कायद्याच्या नजरेत ते शस्त्रच

प्रश्न : वडिलांच्या (वय ७४) नावावर ३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. शस्त्र जुनं आहे, कित्येक वर्षं कपाटातच होतं. आम्ही शेतवस्तीवर राहतो. गेल्या महिन्यात मी ते विहिरीकडे नेऊन चालवून पाहिलं. सहापैकी चार काडतुसांवर घोडा पडला, पण बार उडाला नाही. ओळखीचा लेथवाला म्हणतो, पिन झिजली आहे, नवी करून बसवतो. परवानाधारक दुकान जिल्ह्याच्या गावी आहे आणि वडिलांना प्रवास झेपत नाही. मी एकटा घेऊन जाऊ शकतो का? न उडालेली काडतुसं घरातच आहेत. परवान्याची मुदत चार महिन्यांत संपते.

उत्तर : तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतोच. पण ‘मी चालवून पाहिलं’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, त्याबद्दल आधी बोलायला हवं. परवाना वडिलांचा आहे, घराचा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये बिगरपरवानाधारकाला एक मर्यादित सवलत आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी शस्त्र नेता येतं. ही मुभा नेण्याची आहे. चाप ओढण्याची मुभा त्यात नाही, मुलाला नाही आणि चाचणीपुरतीही नाही.

‘पण ते धड चालतच नाही’ हा बचाव मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यावर विसंबू नका. गोळी झाडण्यासाठी बनवलेलं किंवा तसं करून घेतलेलं हत्यार म्हणजे अग्निशस्त्र, अशी कायद्याची व्याख्या आहे, आणि शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या शब्दात येतात. तुमच्या रिव्हॉल्व्हरमधून तर सहापैकी दोन बार उडाले आहेत. विनापरवाना ताब्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आणि दंड आहे. कलम ३ खालचा खटला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय चालवता येत नाही, त्यामुळे लगेच धास्तावून जाऊ नका. मात्र परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून वडिलांचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना त्या सुनावण्यांना उभं करू नका. पुन्हा चाचणी घेऊ नका. त्या दिवशीचा व्हिडिओ कुणाकडे असेल तर तो पुढे पाठवू नका. कुणी विचारपूस केली तर खोटं सांगू नका, आधी वकिलाला प्रत्यक्ष भेटा.

लेथवाल्याला आजच नाही म्हणा. कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती करायला आणि ते तपासून पाहायलाही वेगळा परवाना लागतो. विनापरवाना दुरुस्तीची शिक्षा आता किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. तुमच्या सांगण्यावरून त्याने काम केलं तर अपप्रेरणेचा, म्हणजे गुन्ह्याला प्रवृत्त केल्याचा, ठपका तुमच्यावरही येऊ शकतो. आणखी एक भीती आहे. जुनं शस्त्र हातात आलं की घासून चकाचक करून द्यायची कारागिरांना हौस असते. त्यात क्रमांक पुसट झाला तर कलम ८ लागू होतं, आणि ज्याच्या ताब्यात शस्त्र सापडतं त्यानेच क्रमांक खोडला असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. सुटा भाग परदेशातून मागवायचं मनात असेल तर तेही सोडून द्या. आयातीलाही परवाना लागतो.

शिवाय दोष पिनेतच आहे हे ठरवलं कुणी? न उडालेल्या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर (पिनेच्या आघाताने पेट घेऊन बार उडवणारा भाग) पिनेचा ठसा उमटलेला असतो. तो उथळ असेल तर स्प्रिंग ढिली पडलेली असू शकते, पिन झिजलेली असू शकते किंवा जुनं तेल आत घट्ट होऊन घोड्याला अडत असू शकतं. ठसा बाजूला सरकलेला असेल तर सिलिंडर जागेवर थांबत नाही अशी शंका घ्यावी लागते. ठसा खोल आणि मधोमध असूनही बार उडाला नसेल तर बिघाड काडतुसात असण्याची शक्यता जास्त. ओल किंवा तेल लागून टोपी निकामी होते. घरी तपासायला मी हे सांगत नाही. दुकानातला कारागीर काय विचारील ते तुम्हाला माहीत असावं, एवढ्यासाठी सांगतो. चार काडतुसं त्याच्यासमोर ठेवलीत तर त्याचं निम्मं निदान तिथेच होईल.

तीच चार काडतुसं मला सगळ्यात जास्त खटकतात. न उडालेलं काडतूस हे जिवंत काडतूसच असतं. ते विहिरीत टाकू नका, पुरू नका, उघडून बघू नका. परवान्यावरच्या हिशोबात ती आहेत, तेव्हा शस्त्रासोबत न्या, दुकानात जमा करून पावती घ्या. निघेपर्यंत सगळं वडिलांच्या कुलपात, किल्ली त्यांच्याकडे.

आता नेण्याचं. वडिलांच्या सहीचं पत्र करा. त्यात परवाना क्रमांक, परवान्यावरचा युआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक), शस्त्राची बनावट आणि क्रमांक, काडतुसांची संख्या, तुमचं नाव, दुकानाचं नाव, जाण्याची तारीख आणि ‘दुरुस्तीसाठी’ हे कारण स्पष्ट लिहा. मूळ परवाना सोबत ठेवा. शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळ्या डब्यात. वाटेत कुठे मुक्काम करू नका. निघण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करा, कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश असेल किंवा निवडणुकीमुळे शस्त्रं जमा करायला सांगितलेली असतील तर हे पत्र पुरेसं ठरणार नाही. दुकानदाराकडे विक्रीबरोबर दुरुस्तीचाही परवाना आहे ना, हे त्याचा कागद पाहून ठरवा. शस्त्र त्याच्या नोंदवहीत चढवून पावती घ्या.

नूतनीकरणाचा अर्ज या महिन्यातच टाका. शस्त्र दुरुस्तीला आहे म्हणून मुदत थांबत नाही. मुदत संपली तर कलम २१ प्रमाणे विनाकारण विलंब न लावता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. शस्त्र पुढे तुम्हालाच सांभाळायचं असेल तर वारसाच्या परवान्याची वाट आत्ताच खुली आहे. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली की हयातीतच वारस सुचवण्याची सोय आहे. शहरात पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. भावंडं असतील तर त्यांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा.

आणि ते अधिकारपत्र वडिलांना वाचून दाखवा, मगच त्यावर त्यांची सही आणि तारीख घ्या. कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवू नका.